प्रश्न वाचकांचे : वर्गात हाताशी असलेली साधने

समावेशित शिक्षणाविषयीच्या (दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याविषयीच्या) मागील अंकातील लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख ‘कोणते यंत्र घ्यावे’ असाच होता. यंत्राची चौकशी सविस्तर आणि मुलाच्या अडचणीचे वर्णन जेमतेम एका ओळीचे, असे त्या पत्रांचे साधारण स्वरूप होते. म्हणून काही पत्रलेखकांना उलट पत्र पाठवून मूल नेमके कोणत्या कामापाशी अडते, हे विचारून घेतले. ती माहिती प्रश्नांत मिळवली आहे. नावे आणि शाळा अर्थातच वगळल्या आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाचवीतील एक मुलगा तोंडी उत्तरे उत्तम देतो, परिसर अभ्यासातील एखादी गोष्ट एकदा ऐकली की विसरत नाही. पुस्तक समोर आले की मात्र तो एकेक अक्षर लावत वाचतो, जोडाक्षराशी थबकतो आणि ओळ संपेपर्यंत तिचा आरंभ विसरलेला असतो. शाळेत एक लॅपटॉप आहे आणि माझा स्वतःचा फोन आहे. त्याला पुस्तक वाचून दाखवणारे काही साधन मिळेल का? तसे साधन दिले तर तो वाचायला कधीच शिकणार नाही, असे माझे सहकारी म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : सहकाऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण ती मिटली नाही तर साधन वर्गात टिकणार नाही. वाचायला शिकणे आणि वाचून शिकणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुमच्या विद्यार्थ्याचे पहिले काम मागे पडले आहे म्हणून दुसरेही रोखून धरले, तर सातवीत जाईपर्यंत त्याचे वाचन कच्चे राहीलच, शिवाय आज ज्या विषयांत तो पुढे आहे त्यांतही तो मागे पडेल. म्हणून वाचनाचा सराव रोज वीस-पंचवीस मिनिटे, त्याला झेपेल अशा मजकुरावर, साधनाशिवाय चालू ठेवावा आणि परिसर अभ्यास किंवा विज्ञान शिकताना त्याला मजकूर ऐकू द्यावा. त्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घेतले आहेत ना, याची खात्री करा. वाचनदोष म्हणून पाठवलेली आणि प्रत्यक्षात चष्म्याची गरज असलेली मुले मी पाहिली आहेत.

आता साधनाविषयी. लॅपटॉपवर विंडोज असेल तर त्यात एज नावाचा ब्राउझर असतोच. त्यात मराठी मजकुराचे पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या तीन कळा एकत्र दाबल्या की मजकूर मोठ्याने वाचला जातो आणि वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत जातो. मराठीसाठी ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ असे दोन आवाज त्यात निवडता येतात, मात्र त्यांना इंटरनेट लागते. वेग कमी करण्याची सोय तेथेच आहे आणि ती पहिल्या दिवशीच वापरावी, कारण मूळ वेग पाचवीच्या मुलाला फार होतो. अँड्रॉइड फोनवर ‘सिलेक्ट टू स्पीक’ ही सोय सेटिंगमधील सुलभतेच्या भागात असते. ती एकदा सुरू केली की पडद्यावरील परिच्छेदावर बोट ठेवून तो ऐकता येतो.

खरी अडचण यानंतर सुरू होते आणि तिच्याविषयी फारसे कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, पण मराठी पीडीएफ डोळ्यांना दिसते म्हणून ती यंत्राला वाचता येईलच असे नाही. आपल्याकडील पुष्कळ छपाई युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये झाली आहे आणि होतही आहे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. त्यामुळे आपल्याला ‘पाऊस’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे काही रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे असतात, आणि वाचणारा आवाज ती चिन्हेच वाचत सुटतो. पारख सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ निवडा, तिची नक्कल करा आणि ती कोऱ्या पानावर किंवा स्वतःलाच पाठवायच्या संदेशात चिकटवा. तेथे मराठी उमटले तर पुढे जा, चिन्हांची खिचडी उमटली तर तो मजकूर नव्याने ओळखून घ्यावा लागेल.

त्यासाठी पानाचा स्वच्छ फोटो किंवा एका पानाची पीडीएफ गूगल ड्राइव्हमध्ये चढवून ती गूगल डॉक्सने उघडली की फोटोतील अक्षरांचा मजकूर तयार होतो. फोटो घेताना पुस्तक सपाट असावे आणि पानावर सावली पडू देऊ नये. तयार मजकुरात ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल, हरवलेले अनुस्वार आणि चुकीच्या अक्षरावर गेलेले रफार हमखास सापडतात. हे मुद्रितशोधन तुम्ही एकट्याने करू नका, सातवीच्या मुलांना द्या. त्यांना शुद्धलेखनाचा याहून चांगला सराव मिळणार नाही आणि महिन्याभरात एका विषयाची सगळी पाने तयार होतील. ती जपून ठेवा, पुढच्या वर्षी दुसरे मूल येईल.

असे रूपांतर करणे कायद्यात बसते का, अशी शंका काही मुख्याध्यापक घेतात. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणण्यास मुभा आहे, नफा मिळवण्यासाठी ते करता येत नाही इतकेच. याच विषयावरील माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता (२०१४). छापील मजकूर वाचण्यात अडथळा असलेल्या वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही २०१६ पासून चालू आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी ते आहेच, पण निदान झालेल्या अध्ययन अक्षमतेच्या मुलांसाठीही त्याची चौकशी जरूर करावी.

एक मर्यादा आधीच सांगते. यंत्र कविता वाचू लागले की ऐकवत नाही, गणितातील पदावलीचा ते गोंधळ करते आणि ‘इ. स.’ म्हणजे काय हे त्याला कधी कळते, कधी कळत नाही. कवितांसाठी आणि गोष्टींसाठी फोनमधील ध्वनिमुद्रक उघडून पाठ स्वतःच्या आवाजात वाचा. आठ-दहा मिनिटांचे काम आहे. मुलांना आरोहीपेक्षा आपल्या बाईंचा आवाज अधिक ओळखीचा वाटतो, हे लिहायला अनुभवाचा दाखला लागू नये.

याशिवाय एक बिनपैशाचे साधन : जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात एका ओळीच्या उंचीची आणि ओळीएवढी लांब खिडकी कापा आणि ती पानावर ठेवून खाली सरकवत वाचू द्या. ओळ सुटण्याचा त्रास या खिडकीने बराच कमी होतो. खिडकी पुरेशी उंच ठेवा, नाही तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. वाचनदोषासाठी खास बनवलेल्या फॉन्टच्या मागे मात्र लागू नका, त्यांचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही. अक्षर मोठे आणि ओळींत अंतर जास्त, एवढे पुरते. मुलाला वाचनदोष असावा का, याच्या पडताळणीसाठी ‘डाली’ ही भारतीय भाषांतील चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ती तयार केली आहे. तुमच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडे तिची विचारणा करा. शाळेत केलेली पडताळणी म्हणजे निदान नव्हे, हे पालकांशी बोलताना स्पष्ट करा.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत राहतो. तिला दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत, पण शाळेत ती यंत्रे काढून दप्तरात ठेवते. बाई म्हणतात, यंत्र लावूनही तिला ऐकू येत नाही. पावसाळ्यात यंत्र वारंवार बंद पडते आणि अलीकडे ते शिट्टीही मारते. नवे, महागाचे यंत्र घ्यावे का? फोनमध्ये बोलणे लिहून दाखवणारे ॲप असते असे ऐकले, ते वर्गात चालेल का?

उत्तर : ताई, नव्या यंत्राचा विचार सध्या बाजूला ठेवा. मूल यंत्र काढून ठेवते तेव्हा बहुधा त्यातून त्याला हवे ते ऐकू येत नाही आणि नको ते फार ऐकू येते. मुलीचे वागणे हट्टाचे नाही, ती तुम्हाला काहीतरी सांगते आहे.

शिट्टीचे कारण बहुतेक वेळा कानातील साचा, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला यंत्राचा भाग, असते. मुलाचा कान वाढतो, साचा तेवढाच राहतो, त्याच्या कडेने आवाज बाहेर येतो आणि पुन्हा यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. तिसरीतील मुलीचा साचा दीड-दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तो बदलण्याची वेळ झाली आहे. नव्या यंत्राच्या मानाने साच्याचा खर्च किरकोळ असतो. कानात मळ साठला असेल तरीही शिट्टी येते, म्हणून आधी डॉक्टरांकडून कान पाहून घ्या.

पावसाळ्यातील बंद पडणे हे कोकणातल्या दमट हवेचे काम आहे. साच्याला जोडलेली पारदर्शक नळी उजेडात धरून पाहा. आत पाण्याचे बारीक थेंब दिसतील, आणि एवढा थेंबही आवाज अडवतो. रात्री यंत्रातील सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. बूट किंवा औषधांबरोबर मिळणाऱ्या या पुड्या आपण एरवी फेकून देतो. चुलीजवळ किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने श्रवणयंत्र वाळवू नका. सेलविषयीही एक गोष्ट नीट समजून घ्या. हे सेल हवेवर चालतात. त्यांच्यावरची रंगीत पट्टी काढली की सेल सुरू होतो आणि पट्टी परत चिकटवली तरी त्याचे खर्च होणे थांबत नाही. म्हणून पट्टी वापरायच्या वेळीच काढावी, सेल काही मिनिटे हवेत ठेवावा आणि मग बसवावा. पट्टी नारिंगी असेल तर तो १३ क्रमांकाचा सेल, निळी असेल तर ६७५ क्रमांकाचा. दुकानात रंग सांगितला तरी भागते. दोन जादा सेल बाईंच्या टेबलाच्या खणात कायम असू द्या.

आता शाळेत करण्याचे काम, आणि हा भाग हे पान उघडून बाईंनाच दाखवा. रोज प्रार्थनेनंतर एक मिनिटाची तपासणी करता येते. मुलीच्या बाजूला उभे राहून, तोंडासमोर कागद धरून, नेहमीच्या आवाजात आ, ऊ, ई, श, स, म हे सहा ध्वनी उलटसुलट क्रमाने म्हणायचे आणि आवाज ऐकू आला की तिने डबीत एक चिंचोका टाकायचा. या सहा ध्वनींत बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सगळे ध्वनी येऊन जातात. एकही चिंचोका पडला नाही तर सेल संपला आहे किंवा नळी तुंबली आहे. बाकी सगळे पडले आणि ‘श’, ‘स’ तेवढे सुटले, तर यंत्राची जुळणी पुन्हा करून घेण्याची गरज आहे. कोणता ध्वनी किती दिवस सुटला, हे वहीत लिहून ती वही श्रवणतज्ज्ञांना दाखवली की त्यांचे निम्मे काम होते. आपल्याकडे मूल वर्षातून एकदा तज्ज्ञांपुढे जाते आणि तेथे ‘ऐकू येतं ना गं?’ या प्रश्नाला मान हलवून परत येते.

बसण्याची जागा हे तर बिनखर्चाचे यंत्रच म्हणावे लागेल. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. वर्गात भिंतींच्या प्रतिध्वनीमुळे इतका फरक पडत नाही, पण पुष्कळ पडतो. तिला पंख्याखाली आणि खिडकीशी बसवू नका. दुसऱ्या रांगेत कडेला, बाईंचा आणि इतर मुलांचाही चेहरा दिसेल अशी जागा द्या. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आधी लिहावे आणि मग वळून बोलावे. पत्र्यावर पाऊस पडत असेल तेव्हा मात्र कोणत्याही यंत्राचा उपयोग नाही. त्या तासाला फळ्यावर लिहावे, चित्रे काढावीत.

बोलणे लिहून दाखवणारे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ अँड्रॉइड फोनवर विनामूल्य आहे आणि ते मराठी ओळखते. पण तिसरीतील मुलीचा वाचनाचा वेग बोलण्याच्या वेगाच्या जवळपासही नसतो. अक्षरे पळत राहतील आणि ती ना बाईंकडे पाहील, ना फोनकडे. आठवी-नववीत, फोन शिक्षकांच्या टेबलावर ठेवून, ते उपयोगी पडेल. आज तुमच्या घरी मात्र एक उपयोग आहे : वर्गात काय झाले हे तिला विचारताना तुमचे बोलणे तिला समजले नाही, तर एखादा शब्द त्यावर दाखवता येतो. यंत्र खरोखरच निकामी झाले असेल तर दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, कानपूरच्या एलिम्को या सरकारी संस्थेमार्फत ते मिळू शकते. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय योजनेच्या तपासणी शिबिरांची तारीख केंद्रप्रमुखांना विचारा.

प्रश्न : आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याला गणकयंत्र वापरण्याची परवानगी दिली तेव्हा इतर पालकांनी तक्रार केली की हा अन्याय आहे. काय उत्तर द्यावे? (शिक्षक, ठाणे)

उत्तर : त्या तासाला तुम्ही काय तपासत आहात, हे स्वतःला विचारा. पाढे तपासत असाल तर गणकयंत्र कोणालाच देऊ नये. शाब्दिक उदाहरणात कोणती क्रिया कधी करायची हे तपासत असाल, तर गणकयंत्राने त्या विद्यार्थ्याचे उत्तर आयते मिळत नाही, कारण भागायचे की गुणायचे हे यंत्र सांगत नाही. पालकांना हा फरक एका उदाहरणाने दाखवला की बहुतेकांना पटतो. मुलांची कुरकुर मिटवायची असेल तर दोन दिवस साऱ्या वर्गाला गणकयंत्र वापरू द्या. तिसऱ्या दिवशी ज्याला गरज आहे त्याच्याच हातात ते उरते.

प्रश्न : नववीतील एका विद्यार्थ्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) आहे. बुद्धी तल्लख, पण हाताला कंप असल्यामुळे एक पान लिहायला त्याला पाऊण तास लागतो. त्याचे बोलणेही आम्हाला सवयीनेच कळते. आम्ही बोलून टंकलेखन करण्याची सोय वापरून पाहिली, पण निम्मे शब्द चुकले आणि तो निराश झाला. दहावीच्या परीक्षेचे काय करावे? (माध्यमिक शिक्षक, जळगाव जिल्हा)

उत्तर : बोलून लिहिण्याची सोय सर्वसामान्य उच्चारांवर घडवलेली असते. ज्याचे उच्चार स्नायूंवरील ताणामुळे बदलतात, त्याचे बोलणे ती आज नीट ओळखत नाही. यात विद्यार्थ्याचे अपयश काहीच नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. त्याच्यासाठी कळफलकच बरा.

येथे मी थोडी आग्रही होणार आहे. मराठी टंकण्यासाठी बहुतेक जण रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत वापरतात. धडधाकट बोटांना ती सोपी, पण ज्याला प्रत्येक कळ दाबणे कष्टाचे आहे त्याला ती महाग पडते. ‘कमल’ हा शब्द त्या पद्धतीने लिहायला पाच कळा लागतात. सरकारने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तो तीनच कळांत उमटतो, कारण तेथे व्यंजनातला ‘अ’ वेगळा टंकावा लागत नाही. दिवसाला चारशे शब्द लिहिणाऱ्या मुलासाठी हा फरक शेकडो कळांचा होतो. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट असतेच, काही विकत घ्यावे लागत नाही. त्यात ‘क’ साध्या कळेवर आणि ‘ख’ त्याच कळेवर शिफ्टसह, ‘त’ साध्या कळेवर आणि ‘थ’ शिफ्टसह, अशी रचना आहे. कंप असलेल्या हाताला दोन कळा एकाच वेळी दाबणे जमत नाही, त्यासाठी शिफ्टची कळ ओळीने पाच वेळा दाबून ‘स्टिकी कीज’ सुरू करा. मग आधी शिफ्ट, नंतर अक्षर, असे एकामागून एक दाबले तरी चालते. चुकून दाबल्या जाणाऱ्या कळा टाळण्यासाठी ‘फिल्टर कीज’ ही सोय विंडोजच्या सेटिंगमधील सुलभतेच्या भागात आहे. मनगट टेकवायला टॉवेलची घडी आणि कळफलक सरकू नये म्हणून खाली रबराचा तुकडा ठेवला की पहिल्या आठवड्यातच वेग थोडा वाढलेला दिसतो. पहिले दोन महिने हाताने लिहिण्यापेक्षाही वेळ लागेल. ते महिने नववीतच खर्ची पडू द्या, दहावीत नव्हे.

परीक्षेविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १७ नुसार जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सोयी देण्याची जबाबदारी शासनावर आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ धरला आहे आणि उत्तरे संगणकावर लिहिण्याचा पर्यायही आहे. संगणक आदल्या दिवशी तपासून पाहू द्यावा, असेही त्यांत म्हटले आहे. अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असल्यामुळे लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही तुमच्या विभागीय मंडळाकडे लेखी अर्ज नववीच्या अखेरीस करून ठेवा आणि संगणक व लेखनिक या दोन्हींचा उल्लेख त्यात करा. ऐनवेळी वीज गेली तर लेखनिक हाताशी असलेला बरा.

लेखनिकाचाही सराव लागतो, ही गोष्ट शाळा विसरतात. ‘येथे स्वल्पविराम’, ‘आता नवा परिच्छेद’, ‘आकृतीत वरच्या कोपऱ्याला अ’ असे सांगत उत्तर देणे हे वेगळेच कौशल्य आहे. त्यात या विद्यार्थ्याचे बोलणे सवयीनेच कळते, असे तुम्हीच लिहिले आहे. ज्याला ती सवय नाही असा लेखनिक परीक्षेच्या सकाळी समोर बसला, तर तीन तासांतला पहिला तास ओळख होण्यातच जाईल. घटक चाचण्यांपासून एकच लेखनिक देऊन पाहा.

प्रश्न : पहिलीतील आमचा नातू स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि बोलत नाही. चित्रांवर बोट ठेवले की बोलणारे ॲप सुचवले आहे. त्याची सवय लागली तर तो कधीच बोलणार नाही, अशी भीती वाटते. (आजी, नाशिक)

उत्तर : आजी, तुमची भीती स्वाभाविक आहे, पण आजवरच्या अभ्यासांत तसे आढळलेले नाही. चित्रांच्या साहाय्याने सांगू लागलेल्या काही मुलांचे बोलणे वाढते, बाकीच्यांचे जेवढे असते तेवढे राहते. आपले म्हणणे समोरच्याला कळते आहे हे समजल्यावर आदळआपट कमी होते, हा फायदा तर घरातल्या सर्वांनाच मिळतो. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे.

ॲपच्या आधी मात्र पुठ्ठ्यावर आठ-दहा चित्रे चिकटवून सुरुवात करा. पुठ्ठ्याला चार्जिंग लागत नाही. चित्रे निवडताना आपण मोठी माणसे पाणी, शू, जेवण एवढ्यावरच थांबतो, म्हणजे आपल्या सोयीचे शब्द देतो. ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘माझं आहे’ हे शब्द आधी हवेत. बोलणाऱ्या मुलाला ‘नको’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि त्याने ‘नको’वर बोट ठेवले की, शक्य असेल तेव्हा, ती गोष्ट खरोखर थांबवा. दोन वेळा बोट ठेवून काहीच घडले नाही, तर तिसऱ्या वेळी तो पुठ्ठा फेकून देईल आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. त्याच्याशी बोलताना तुम्हीही त्याच चित्रांवर बोट ठेवत बोला, मूल ते पाहूनच शिकते. पुठ्ठ्याची एक प्रत शाळेत आणि एक घरी असावी.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी दिली आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी टॅब घ्यावेत असा विचार आहे. किती आणि कोणते घ्यावेत? (मुख्याध्यापक, सोलापूर)

उत्तर : सर, टॅबची संख्या ठरवण्यापूर्वी विशेष शिक्षकांना आणि वर्गशिक्षकांना बसवून प्रत्येक मुलापुढे एक वाक्य लिहून घ्या : ‘हा विद्यार्थी अमुक काम करताना अडतो.’ त्या यादीतून किती टॅब निघतात ते पाहा. माझा अंदाज असा की एक किंवा दोन निघतील. बाकीच्या यादीत जाड काळ्या रेघांच्या वह्या, काळे जाड पेन, पुस्तक तिरपे ठेवण्याच्या लाकडी घोड्या, पेन्सिलीवर चढवायच्या रबरी पकडी, हँडसेटला लागणारे इअरफोन, एक पॉवर बँक आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड अशा गोष्टी असतील. अंध विद्यार्थी असेल तर ब्रेल पाटी, गणितासाठीची टेलर फ्रेम आणि एनव्हीडीए हे विनामूल्य पडदावाचक (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) घातलेला एक जुना संगणक लागेल. तो संगणक नवाच हवा असे नाही.

मंददृष्टी मुलांसाठी भिंग घेणार असाल तर एक चूक टाळा, ती मी केलेली आहे. एका मुलाला मी भर वर्गात, कौतुकाने, मोठे भिंग दिले. दुसऱ्या दिवसापासून ते दप्तराच्या तळाशी गेले आणि वर्षभर तेथेच राहिले. पुढे त्याच मुलाने फळ्याचा फोटो काढून तो बोटांनी मोठा करून पाहायला सुरुवात केली, कारण फोन सगळ्यांकडेच असतो आणि त्याकडे कोणी वळून पाहत नाही. तेव्हा वस्तू घेण्यापूर्वी ती मुलाला चार दिवस वापरायला द्या आणि त्याचा होकार घ्या.

साधने ठेवण्याविषयीही ठरवून घ्या. नोंदवहीत चढवून कुलूपबंद कपाटात ठेवलेली साधने तपासणीच्या दिवशी नवी कोरी दिसतात. घोड्या आणि वह्या वर्गातच असाव्यात आणि टॅब वर्गशिक्षकाच्या ताब्यात. साधन हाताळताना तुटले तर कोणाकडूनही भरपाई घेतली जाणार नाही, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत आधीच करून घ्या. शिक्षक साधन मुलाच्या हातात देत नाहीत याचे कारण बहुतेक वेळा भरपाईची ही धास्तीच असते. देणगीतील काही रक्कम दुरुस्ती, सेल आणि नव्या वायरींसाठी बाजूला ठेवा. चार्जिंगच्या वायरी पहिल्याच वर्षी जातात.